अर्काने कॅन्सरच्या पेशी मेल्या म्हणे. कुठे, प्रयोगशाळेच्या बशीत ना?

खडूस_बायोकेम: परवा इथेच कुणीतरी टाकलं की अश्वगंधाच्या अर्काने स्तनाच्या कॅन्सरच्या ९० टक्के पेशी ४८ तासांत खलास, पण डॉक्टर सांगणार नाहीत. डोकंच फिरलं. अहो, त्या एमसीएफ-७ नावाच्या प्रयोगशाळेतल्या पेशी, १९७० च्या सुमारास एका ननच्या छातीत साठलेल्या पाण्यातून काढलेल्या, तेव्हापासून प्लास्टिकमध्ये वाढतायत. त्यांना ना आतडं ना लिव्हर, अर्क थेट अंगावर ओतला की मरतात, अल्कोहोल ओतलं तरी मरतात. पोटातून घेतलेलं गाठीपर्यंत किती पोचतं ते बोला. हळदीतलं कर्क्युमिन तर रक्तात जेमतेम उतरतं.

निसर्गवेडा: पोस्ट माझीच. मग टॅक्सॉल हे केमोचं औषध काय आकाशातून पडलं? यू झाडाच्या सालीतलं आहे ते, मनसुख वाणी आणि मन्रो वॉल यांनी १९७१ ला रचना छापली. सदाफुलीतून विनब्लास्टिन आलं, तेही केमोचंच. तुम्ही केलं की सायन्स, आम्ही बोललो की भोंदूगिरी!!

खडूस_बायोकेम: सालीचा काढा पाजत नाहीत हो कुणाला. एकच रेणू वेगळा काढून, डोस मोजून शिरेतून देतात, आणि स्तनाच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत मंजुरी मिळायला १९९४ उजाडलं. यू विषारी आहे, चहात घालू नका.

थिसिसग्रस्त: पानं वाळव, कुट, मेथनॉलमध्ये भिजव, एमटीटी (किती पेशी जिवंत उरल्या ती रंगाची चाचणी) कर, पेपर छाप. दोन वर्षं हेच केलं मी. एकदा नुसतं डीएमएसओ, म्हणजे अर्क विरघळवायचं द्रव, घातलेल्या खान्यातल्या पेशीपण मेल्या, म्हणजे मारत होतं ते सॉल्व्हंट. सरांना दाखवलं तर म्हणाले कंट्रोल (अर्क न घातलेल्या पेशी) परत लाव, चांगला आला की तोच घे. निरोगी पेशींवर कुणी करून बघत नाही, कारण त्याही मेल्या तर पेपर गेला. आणि आयसी-५०, म्हणजे अर्ध्या पेशी थोपवायला लागणारा डोस, शेकडोंच्या घरात गेला, म्हणजे अर्क कमकुवत निघाला, तरी निष्कर्षात 'आशादायक' लिहायचंच.

निसर्गवेडा: तुमच्या सरांचा राग अश्वगंधावर का काढताय?

थिसिसग्रस्त: मग कुणावर काढू, डिग्री त्यांच्याच सहीने मिळायचीय.

लिंबूटिंबू: विषय कुठे चाललाय. पण सरांचा विषय निघालाच आहे तर, आमचे सर तर पेपरवर स्वतःचं नाव पहिलं टाकायचे.

माईची_लेक: सगळे गप्प बसा जरा. माझ्या मावशीची गाठ सुपारीएवढी होती, ऑपरेशन ठरलं होतं, असाच एक फॉरवर्ड आला आणि आठ महिने काढा घेत बसली. परत दाखवलं तेव्हा काखेत पसरलेलं. २०१८ ला येलचा अभ्यास आला, फक्त पर्यायी उपचार घेतलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशंटमध्ये मृत्यूचा धोका पाचपटीहून जास्त. मला आकडा नको होता, मला दिसलंच होतं.

निसर्गवेडा: वाईट वाटलं ताई. पण मी काय उपचार सोडा म्हटलं नव्हतं. आणि डॉक्टर दोन मिनिटांत बाहेर काढतात, मग माणूस फॉरवर्डच वाचणार ना.

माईची_लेक: हे मात्र खरं. तिच्या डॉक्टरने मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. तरी 'डॉक्टर सांगणार नाहीत' हे तुम्हीच लिहिलंत.

खडूस_बायोकेम: केमो चालू असताना परस्पर असले अर्क घेऊ नका एवढं तरी टाका त्यात, काही वनस्पती लिव्हरमध्ये औषध मोडण्याचा वेग बदलून रक्तातलं त्याचं प्रमाण वरखाली करतात.

निसर्गवेडा: बरं महाराज, डॉक्टरचं वाक्य काढतो, 'बशीत' हा शब्द घालतो. ९० टक्के राहणार, पेपरमध्ये तसंच आहे.

थिसिसग्रस्त: कंट्रोल बघितलात का?