एकरी माल कमी, तर रेड वाइन भारी?

रानवेल
नाशिकला वाइन टेस्टिंगमध्ये शिराझ (त्याच नावाच्या काळ्या द्राक्षाची रेड वाइन) पाजणारा सारखा "एकरी फक्त २ टन" म्हणत होता. मला पटतं. खायच्या द्राक्षांच्या बागेत एकरी १०-१२ टन काढतात, त्या मालाची कसली रेड होणार? घड मोजके असले की साखर, रंग, टॅनिन (तुरटपणा देणारा घटक) सगळं त्यांतच उतरतं. फ्रान्समध्ये बरगंडीत ग्राँ क्रू म्हणजे सगळ्यांत वरच्या दर्जाच्या बागांना उत्पादनाची मर्यादा कायद्यानेच आहे, ती काय उगाच?

पिंपळगावकर
साफ असहमत. थॉमसनशी, म्हणजे खायच्या द्राक्षाशी, तुलना कशाला? तो मणी जीएत (फळ फुगवणारं संजीवक) बुडवून फुगवलेला, शिवाय रंगाने हिरवा. शिराझचा मुळातच बारीक. रंग नि टॅनिन सालीत, गर पांढराच; मणी बारीक तर गराच्या मानाने साल जास्त. मग बघायचा तो मणी, वजनकाटा नव्हे. फ्रान्समध्येच बोर्डोला १९८२ साली भरघोस पीक आलं होतं, तरी त्या वाइन लोक आजही डोक्यावर घेतात.

रानवेल
त्या साली हवेने साथ दिली. एका सालावरून नियम ठरत नाही. स्पेनमध्ये प्रियोरातला उतारावरच्या जुन्या वेलींना जेमतेम किलोभर माल येतो आणि वाइन शाईसारखी दाट.

पिंपळगावकर
अहो, तिथे पाटीच्या दगडाची जमीन, पाण्याचा ताण. मणी बारीक राहतो तो त्यामुळे, श्रेय तुम्ही टनांना देताय. कॅलिफोर्नियात डेव्हिस विद्यापीठाच्या संशोधकांनी कॅबरने या काळ्या द्राक्षावर केलेला प्रयोग २००४ मध्ये छापून आलाय. छाटणीत काडीवरचे डोळे (कोंब फुटायच्या जागा) कमी ठेवून माल घटवला, तर वाइनला भाजीसारखा हिरवा वास जास्त! जास्त डोळेवाली उलट फळांच्या चवीची. आपल्याकडेही ऑक्टोबर छाटणीत डोळे कमी ठेवून खत-पाणी तेवढंच दिलं, तर वेल माजते, घड सावलीत जातात.

काळीमाती
दीड एकर शिराझ आहे आमची. तुम्ही दोघं पिणारे, आम्हाला पैसे किलोवर मिळतात. मणी रंग धरताना मागे राहिलेले हिरवे घड आम्हीही कापून टाकतो. जीव तुटतो, पण टाकतो. तरी ४ टन निघतात. २ वर आणायचे तर दर दुप्पट द्या, मग बोलू.

रानवेल
दादा, दराचं मान्य. पण मग तो २ टनवाला थापा मारतो का?

काळीमाती
थापा कशाला? फक्त २ टनच का निघाले ते विचारा त्याला. हाताने घड उतरवले, की अवकाळीत फुलोऱ्यावर डाउनी (बुरशीचा रोग) आला? पावतीवर दोन्ही सारखेच दिसतात.