मदत हवी आहे: आठवीच्या मॉडेलमध्ये फुफ्फुस धमनी लाल रंगवायची की निळी?

कळवेकरीण:
लेक आठवीत, मराठी माध्यम. सोमवारी रक्ताभिसरणाचं मॉडेल द्यायचंय आणि आज शुक्रवारी रात्री घरात वाद पेटलाय.

क्लासच्या वहीत 'धमनीत शुद्ध रक्त, शिरेत अशुद्ध' असं दिलंय. त्या हिशेबाने धमन्या लाल, शिरा निळ्या. पण फुफ्फुस धमनीतलं रक्त तर ऑक्सिजन आणायलाच चाललेलं असतं ना? मग ती लाल कशी? तिचे बाबा म्हणतात, वहीत आहे तसं कर, उगाच मार्क जातील. सासूबाई धमनीला 'रोहिणी' आणि शिरेला 'नीला' म्हणतात, त्यांच्या वेळी तेच शब्द होते. आणि धाकटा 'शिरा' ऐकला की वाटी घेऊन येतो.

दुसरं म्हणजे नळ्या. धमनीसाठी जाड रबरी नळी मिळालीय, शिरेसाठी सलाइनची आणलीय, पण तीही कडकच वाटते. शिरेत रक्ताला उलटं जाऊ न देणारी झडप कशी दाखवू? धमन्या आणि शिरा जोडणाऱ्या बारीक केशवाहिन्यांना लाल लोकर चालेल?

सुई_टोचणारी:
ताई, नाव दिशेवरून ठरतं. हृदयाकडून निघाली ती धमनी, हृदयाकडे परतते ती शिरा. फुफ्फुस धमनी निळीच करा, फुफ्फुस शिरा लाल. निळा हा फक्त चित्रातला रंग. मी लॅबमध्ये रोज रक्त काढते, शिरेतलं काळपट लाल निघतं, निळं कधीच नाही. 'अशुद्ध' शब्द तर खोडाच. ते घाण नसतं, त्यात ऑक्सिजन कमी असतो, इतकंच.

सलाइनची नळी नको. धमनीत हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचा दाब येतो म्हणून तिची भिंत जाड आणि लवचीक. शिरेत दाब कमी, भिंत पातळ. रबरी हातमोज्याचं बोट कापून लावा.

झडप आधी लेकीला खरी दाखवा. कुणाच्या तरी दंडाला अर्धा मिनिट ओढणी बांधा, हात खाली सोडा. फुगलेल्या शिरेतलं रक्त बोटाने मनगटाकडे ढकलून पाहा, मध्येच गाठीसारखं फुगून अडतं. इंग्रज डॉक्टर विल्यम हार्वेने १६२८ च्या पुस्तकात हेच दाखवलं होतं.

स्लो_लोकल:
लोकर फार जाड दिसेल. केशवाहिनी साधारण ८ मायक्रॉनची, आपल्या केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी, आणि तिची भिंत एकाच पेशीच्या जाडीची. शिवणाचा दोरा विस्कटून जाळं करा, एका टोकाला लाल, दुसऱ्याला निळा.

या बारीक वाटा इतक्या असतात की सगळ्यांची रुंदी मिळून धमनीच्या कितीतरी पट होते, म्हणून रक्त तिथे मंदावतं. फास्ट लोकल कळव्याला थांबतच नाही, माणूस उतरणार कसा? केशवाहिनी ही स्लो. ऑक्सिजन तिथे उतरतो, कार्बन डायऑक्साइड चढतो.

कळवेकरीण:
ओढणी नवऱ्याच्याच दंडाला बांधली. झडप दिसली आणि वादही मिटला, फुफ्फुस धमनी निळी. लेबलं सासूबाई लिहितायत, त्यामुळे 'रोहिणी' कंसात का होईना, राहणार.