मास्कची सक्ती गेली, पण दवाखान्यात आणि एसी बसमध्ये काय?

बंद_खिडकी:
२ एप्रिल २०२२ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, राज्यातले कोरोनाचे निर्बंध उठले. मास्क ऐच्छिक झाला आणि पुण्यातला ५०० रुपयांचा दंडही गेला. सारसबागेत किंवा पर्वती चढताना मास्क नको, हे मला मान्यच आहे. पण डायलिसिसचा विभाग, केमोथेरपीचा वॉर्ड, दवाखान्याची प्रतीक्षाखोली आणि काचा लावून धावणारी एसी बस इथे सक्ती ठेवायलाच हवी होती. बोलताना-खोकताना निघणारे अगदी बारीक कण कोंदट खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. हात कितीही धुतले तरी ते टळत नाहीत. डायलिसिसच्या रुग्णाला आठवड्यातून दोन-तीनदा साधारण चार-चार तास तिथे बसावंच लागतं. गर्दी टाळा, हा सल्ला त्याच्या काय कामाचा?

पेठकर:
अजिबात पटलं नाही. सक्तीने लोकांच्या हनुवट्या झाकल्या, नाकं उघडीच राहिली. चौकात पोलिस दिसला की मास्क वर, चौक ओलांडला की खाली. दुचाकीवर उन्हाधुळीसाठी गुंडाळायचा सुती स्कार्फही मास्क म्हणून खपत होता. साथ येऊन दीड वर्ष उलटून गेल्यावर, नोव्हेंबर २०२१च्या नियमावलीत, रुमाल म्हणजे मास्क नव्हे हे राज्याला लिहून सांगावं लागलं. १८९७च्या ज्या साथरोग कायद्याखाली हे सगळं चाललं, तो प्लेगच्या वर्षातला. त्या साथीत घरोघरच्या झडत्यांनी पुण्याचा प्रशासनावरचा विश्वास कसा उडाला, हे इथे कुणाला वेगळं सांगायला नको. समजावलेलं टिकतं, लादलेलं टिकत नाही.

नाकपट्टी:
मास्क कोणता आणि कसा, हे दोघांनीही सोडून दिलंत. खरी मेख तिथेच आहे.

एन-९५, म्हणजे चेहऱ्याला घट्ट बसणारा, बारीक कण गाळणारा मास्क, घेताना त्यावर आयएस ९४७३ (भारतीय मानकाचा क्रमांक) आणि एफएफपी२ (गाळण्याची श्रेणी) छापलंय का ते बघा. ०.३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचे, गाळायला सगळ्यात अवघड कणही तो साधारण ९५ टक्के अडवतो, पण कडा चेहऱ्याला चिकटल्या तरच. नाकावरची पट्टी चिमटीत दाबू नका, मधोमध तंबू होतो आणि दोन्ही बाजूंनी हवा सुटते. दोन्ही हातांची दोन-दोन बोटं मध्यावर ठेवून गालांकडे दाबत न्या. मग तळवे मास्कभोवती धरून जोरात श्वास सोडा. डोळ्यांवर वारा लागला किंवा चष्म्यावर वाफ आली तर पट्टी पुन्हा बसवा. गालांशी लागला तर पट्टे घट्ट करा. दाढी असेल तर कड बसतच नाही.

एन-९५ धुऊ नका, त्यावर सॅनिटायझरही मारू नका. त्याच्या धाग्यांवरचा विद्युतभार बारीक कण ओढून धरतो. साबणाने किंवा अल्कोहोलने तो उतरतो आणि मास्क दिसायला तसाच राहतो. पाच मास्क पाच कागदी पिशव्यांत ठेवून आळीपाळीने वापरा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. व्हॉल्व्हचा मास्क दवाखान्यात नकोच, त्यातून आपला श्वास न गाळता समोरच्यावर जातो.

बंद_खिडकी:
हे सगळं जमणाऱ्यासाठी ठीक. ज्याला धाप लागते, ज्याला ऑक्सिजन लावलाय, दोन वर्षांखालचं मूल, यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी शेजारच्याने मास्क लावायचा असतो. आणि ‘ऐच्छिक’ म्हटल्यावर काउंटरवरच्या मुलीने खोकणाऱ्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं?

पेठकर:
दवाखाना स्वतःचा नियम करू शकतो, त्याला सरकारी दंड कशाला? दारातच तिपदरी मास्कचा खोका ठेवा. वर मोठ्या अक्षरांत लिहा: ‘आत रुग्ण आहेत, कृपया मास्क लावा.’ फुकट हातात आला की लोक लावतात.

त्याहून आधी हवा बघा. प्रतीक्षाखोलीतला स्प्लिट एसी आतलीच हवा गार करून फिरवतो, बाहेरची ताजी हवा आणत नाही. कार्बन डायऑक्साइडचं मीटर टेबलावर ठेवा. बाहेर ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) आसपास आकडा येतो. आत तो हजारावर गेला, तर खोलीतल्या माणसांच्या मानाने ताजी हवा कमी पडतेय. एक्झॉस्ट पंखा उघड्या खिडकीच्या लगत बसवू नका. तो खिडकीतली हवा ओढून तिथूनच बाहेर टाकतो आणि लांबच्या कोपऱ्यातली हवा जागची हलत नाही. पंखा एका भिंतीला आणि खिडकी समोरच्या भिंतीला हवी.

नाकपट्टी:
त्या खोक्यातल्या तिपदरी मास्कचं एक सांगते. गालांशी फट राहतेच. तो आडवा दुमडून कानाच्या दोऱ्यांना कडेलगत एकेक गाठ मारा आणि बाजूला उरलेली चुणी आत खोचा. फट बरीच कमी होते. हे चित्र काढून खोक्यावरच चिकटवा.

बंद_खिडकी:
दवाखान्यापुरतं मान्य, खोका आणि मीटर दोन्ही हवेत. एसी बसचं मात्र कुणीच बोललं नाही. तिथे खिडकी प्रवाशाच्या हातात नसते आणि दारात खोका ठेवणारंही कुणी नसतं. तिथली सक्ती मी सोडणार नाही.