वकिलातीला फोन लावून 'झाडं तोडू नका' असं सांगितलंय का कुणी? (अनुभव धागा)

रंकाळ्याकाठची

दसऱ्याची झाडलोट काढलीय. माळ्यावरनं एक शंभर पानी वही खाली पडली, अर्ध्यापर्यंत चॉकलेटी डाग. २०१९च्या पुरातली. मागच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'गुड मॉर्निंग सर ऑर मॅडम, आय ॲम कॉलिंग फ्रॉम कोल्हापूर, महाराष्ट्रा'. भाषा इंग्लिश पण सगळं देवनागरीत. खाली ०११चा नंबर. शिडीच्या पायरीवरच बसले मग.

तेव्हा शाहूपुरीत राहायचो, कुंभार गल्लीच्या अलीकडं. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या ऑगस्टात राजाराम बंधाऱ्याला ५५च्या वर गेलेली. पाणी उतरलं तरी चिखल संपेना. त्यात डिझेल, गटार, आणि पलीकडच्या गणपतींची माती. २ सप्टेंबरला चतुर्थी आणि कुंभारांच्या मूर्ती विरघळून गेलेल्या. अशात लेक, बारावीत तेव्हा, मोबाईल घेऊन पुढ्यात. ॲमेझॉन पेटलंय, साओ पावलोत १९ तारखेला भर दुपारी अंधार पडला, लोक ब्राझीलच्या वकिलातींपुढं उभे राहायलेत, फोन करायलेत, आपण पण करू. माझ्या हातात खराटा. सासूबाई कॉटवर पाय वर घेऊन बसलेल्या, म्हणाल्या, "तिकडं आग, हितं पाणी. न्या म्हणावं घागरी भरून."

दिल्लीला केला फोन. तिसऱ्यांदा लागला. पलीकडच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं, गावाचं नाव परत विचारलं, स्पेलिंग विचारलं, पुढं कळवते म्हणाल्या. पाठ केलेलं संपल्यावर काय बोलावं कळेना, तर मी 'हॅपी दिवाली' म्हणाले. ऑगस्टात.

तुमच्यापैकी कुणी केलाय का असा फोन? देश कुठलाही चालेल. तिथल्या माणसांची नावं-नंबर टाकू नका, आणि कुणी वाईट वागलं असेल तर देश सांगू नका. उगाच भांडणं नकोत.

भवानीमंडप

हॅपी दिवाली!! ठार.

पाचगावचा

माझा लागलाच नाही कधी. वाचतोय.

गंगावेस_काका

आमचा एसटीडी बूथ होता. ९०-९१ची गोष्ट. कॉलेजची चार पोरं यायची, निसर्ग मंडळवाली. मलेशियात सारावाक म्हणून भाग आहे, तिथं पेनान नावाचे जंगलात राहणारे लोक. त्यांनी १९८७ पासून लाकूडवाल्यांच्या रस्त्यावर आडवं उभं राहून गाड्या अडवलेल्या. आपण दिल्लीतल्या मलेशियाच्या कचेरीला फोन करून त्यांच्या बाजूनं बोलायचं, असं पोरांचं ठरलं. पण खिशात पैसे कुठले? रात्री अकरानंतर पाव दर लागायचा, म्हणून ही चौघं अकराला हजर. मीटरवर लाल आकडे पळायचे आणि त्या आकड्यांकडं बघत बघत बोलायची.

आता रात्री अकराला कुठली कचेरी उघडी असणार सांगा? फोन उचलायचा रखवालदार. गढवालचा होता बिचारा. पोरांनी तीन रात्री त्यालाच सगळं समजावलं, पेनवाले कोण, झाडं कोण तोडतंय. तिसऱ्या रात्री तो म्हणाला, हमारे गांव में भी औरतें पेड़ से चिपक गई थीं. तेवढं ऐकल्यावर पोरांनी फोन ठेवायचा सोडून आणि दहा मिनिटं बोलण्यात घालवली. चौदा रुपये बाकी ठेवून गेली ती गेलीच.

कुलाबा_टू_कळंबा

काका, रखवालदार जबरदस्त!

आता आतल्या बाजूचं सांगते. मी सहा वर्षं मुंबईत एका वाणिज्य वकिलातीत रिसेप्शनला होते. देश विचारू नका. आमच्याकडं अशा फोनांसाठी एक लांबडी वही होती. वेळ, गाव, विषय, असे तीन रकाने. शुक्रवारी त्याचा गोषवारा करून वर द्यायचा, की निषेधाचे फोन इतके, अमुक अमुक गावांहून. शिव्यांना रकाना नव्हता, त्यामुळं शिव्या देणाऱ्यांची नोंदच व्हायची नाही.

सगळे एकच छापील मजकूर एका दमात वाचायचे. त्यांचा नुसता आकडा व्हायचा. पण सोलापूरच्या एक आजी म्हणाल्या होत्या, "आमच्याकडं सावली विकत मिळत नाही हो." ते मी गोषवाऱ्यात तसंच इंग्लिश करून टाकलं. साहेबांनी मला बोलावून विचारलं, बाई कोण?

एका आठवड्यात कोल्हापूर तीनदा आलं. साहेब म्हणाले, हे कुठं आलं? मी पायातली चप्पल काढून दाखवली. मग लक्षात आलं, निषेधाच्या वहीशेजारी चप्पल दाखवणं काही बरं दिसत नाही.

आणि हो, सकाळी फोन करू नका, व्हिसावाल्यांची झुंबड असते. तीननंतर करा.

भवानीमंडप

चप्पल!!! आता मिलानच्या रॅम्पवर जाऊन आल्यापासून दाखवावी लागत नाही म्हणा.

कुलाबा_टू_कळंबा

तेव्हा लागायची ना पण. आणि माझी नऊशेची होती, मिलानचा भाव काय विचारू नका.

ऊसकरी_कागल

आमच्याकडं ब्राझील म्हटलं की जंगल कुणाच्या डोक्यात येत न्हाई, साखर येत्या. २०१९ला ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालानं आपल्या साखरेच्या अनुदानावरनं जागतिक व्यापार संघटनेत तक्रार घातलेली. आणि त्यांचाच अध्यक्ष बोल्सोनारो २६ जानेवारी २०२०ला दिल्लीत परेडला प्रमुख पाहुणा. पोरगं ॲग्रीला शिकायलंय, त्या आठवड्यात त्यानं वकिलातीला फोन लावला, ॲमेझॉनचं सांगायला. मी म्हणलं दे हिकडं. हिंदीत चालू केलं, साखर का भाव गिरता है, हमारे एफआरपी का क्या करना? (एफआरपी म्हंजे उसाला सरकारनं ठरवलेला कमीत कमी भाव.) पलीकडचा माणूस लई सभ्य. साब, वो ट्रेडवाले देखते हैं, मैं नंबर देता हूं. दिला पण.

पोरगं दोन दिस बोललं न्हाई माझ्याशी. तिसऱ्या दिवशी वैरण टाकताना सांगितलं त्यानं, तिथलं जंगल साखरंसाठी कमी आणि गुरं चारायला जास्ती तोडत्यात. आणि ती गुरं कुठली? नेलोर. आपल्या नेल्लोरवरनं नाव पडलंय, आपल्या ओंगोल बैलाची औलाद. हितनं न्हेलेली. म्हणजे आपलीच गुरं तिकडं जाऊन जंगल चरायल्यात. गोठ्यात खोंडाकडं बगितलं आणि म्हणलं, तुझं पावणं लई वाईट निघालं गा.

तिकटी

तुझं पावणं!! हे फ्रेम करून लावणार.

रोखठोक_९

मला एक कळत नाही. ब्राझीलला फोन, मलेशियाला फोन. आरेत ४ ऑक्टोबर २०१९ला रात्री करवती चालल्या, सुप्रीम कोर्टानं ७ तारखेला थांबवेपर्यंत दोन हजारांवर झाडं गेली. तेव्हा ही फोनवाली मंडळी कुठं होती? लांबच्या झाडावर प्रेम करायला पैसे पडत नाहीत.

रंकाळ्याकाठची

@रोखठोक, पडतात हो, बिल आमच्याकडं यायचं. आरेच्या वेळी पण केले होते, जिथला नंबर मिळाला तिथं. कुठं ते माझ्याच नियमाप्रमाणं सांगत नाही. दिल्लीतल्या बाईंनी नाव-गाव तरी विचारलं होतं, एवढंच सांगते. थांबा, दूध उतू जायलंय.

मिरजकर_वड

रोखठोक यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. आमच्याकडं भोसे गावात यल्लम्मा मंदिरापाशी चारशे वर्षांचा वड होता रस्त्याच्या आखणीत. २०२०चा जुलै, लॉकडाऊन. रत्नागिरी-नागपूर महामार्गाचं काम. लोक झाडाभोवती साखळी करून उभे राहिले, पार मंत्र्यांपर्यंत पत्रं गेली, आणि आखणी बदलली. वड तेव्हा वाचला. मी त्या साखळीत होतो असं म्हणणार नाही, मी डबे पोचवणाऱ्यांत होतो. मास्क लावून पिठलं-भाकरी. पण तिथं कुणाला फोन करायचा हे माहीत होतं. ब्राझीलचं कुणाला सांगणार? वकिलातीला करायचा म्हणजे पोष्टाच्या पेटीत तोंड घालून बोलण्यासारखं आहे.

गंगावेस_काका

पेटी उघडतंय की कोण तरी. वरती बाईंनी लिहिलंय बघा.

फरसाणवाला

वाईट वाटून घेऊ नका, पण माझा फोन उलट्या कारणाचा. २०२२ला एप्रिलच्या शेवटी इंडोनेशियानं पामतेल बाहेर पाठवायचं बंद केलं, तीनेक आठवडे. डब्याचा भाव असा चढला की शेव तळू का नको. एवढं तेल आपण आणतोय बाहेरनं, जगात सगळ्यात जास्त. मी त्यांच्या मुंबईच्या कचेरीचा नंबर काढला, विचारू म्हटलं कधी सोडताय. पोरगी नववीत. म्हणाली, पप्पा, त्या तेलासाठी सुमात्रा-बोर्निओत ओरांगउटानांची जंगलं साफ करत्यात, आणि तुम्ही अजून मागायलाय? नंबर दाबला होता, कट केला. आता शेंगदाणा तेलाची शेव वेगळी ठेवतोय. महाग आहे. गिऱ्हाईक भाव विचारून साधीच नेतंय. खोटं कशाला सांगू.

तिकटी

दुकान कुठं? शेंगदाणा तेलातली पापडी मिळेल का?

फरसाणवाला

व्यक्तिगत निरोप केलाय. पापडी बुधवारी.

सातासमुद्रापार

मूळची राजारामपुरी, आता बाहेर. मी उलट्या बाजूनं केलाय, म्हणजे इथल्या आपल्याच वकिलातीला. ग्रेट निकोबारला १३० चौरस किलोमीटर जंगल वळवायला मंजुरी दिलीय हे वाचून राहवलं नाही. फोन लावला तर यंत्र म्हणतंय पासपोर्टसाठी एक, व्हिसासाठी दोन, मृत्यूनंतर देह भारतात पाठवायचा असेल तर तीन. जंगलाला आकडा नाही. बराच वेळ तीनवर बोट ठेवून विचार केला. शेवटी एक दाबलं. पलीकडून विचारलं, रिन्यूअल की नवीन? मी म्हटलं, जुनंच आहे, दहा हजार वर्षांपूर्वीचं. त्यांना विनोद कळला नाही. मग मी खरंच सगळं सांगितलं. ते म्हणाले ईमेल करा. केली. उत्तर नाही.

इथले लोक मात्र सर्रास करतात असे फोन. माझी शेजारीण, वय पंच्याहत्तर, दर सोमवारी कुठल्या ना कुठल्या देशाला करते. कपडे धुवायला टाकते आणि मशीन थांबेपर्यंत फोन.

भवानीमंडप

आमच्याकडं मशीन थांबेपर्यंत धागे वाचतात. थांबलं. आलोच.

दाजीपूर_लव्हर

गव्यांना वकिलात असती तर? डिसेंबर २०२१ला गवा पार पंचगंगेकाठी आलेला. लोक म्हणाले गवा शहरात घुसला. त्याच्या भाषेत कुणी विचारलं असतं तर म्हणाला असता, माझ्याकडं कोण कोण घुसलंय त्याची वही आणलीय, तीन रकान्यांची.

रंकाळ्याकाठची_ज्युनिअर

आई, मी बारावीत नव्हतो, अकरावीत होतो. आणि 'सर ऑर मॅडम' तू घातलंस, मी नुसतं 'हॅलो' लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी मी एकटीनं पण केलतो. बाई म्हणाल्या, "येस, कोल्हापूर?" म्हणजे नंबर ओळखला त्यांनी! घाबरून ठेवला.

पेठकर_पुणे

क्षमस्व, 'मी होतो' आणि 'एकटीनं'? मुलगा की मुलगी?

तिकटी

कोल्हापूरच्या मुली 'मी जातो, मी येतो'च म्हणतात दादा. सोडा, तुमच्याच्यानं व्हायचं नाही.

ऊसकरी_कागल

आमची मंडळी पण म्हणत्या. 'मी चाललो माहेरला.' थांबवायची कुणाची टाप न्हाई.

कुलाबा_टू_कळंबा

ज्युनिअर, ठेवायचा नव्हता गं! दुसऱ्यांदा फोन करणारे फार कमी असतात. ते लक्षात राहतात.

रंकाळ्याकाठची

हे मला सहा वर्षांत सांगितलं नाहीस? खाली ये, भांडी पडल्यात.

रोखठोक_९

ठीक आहे, मान्य. तीननंतर म्हणालात ना?

कुलाबा_टू_कळंबा

तीन ते साडेचार. आणि शिव्या नकोत, रकाना नाही.

चिखलीचा_गोपाळ

गंगावेस काका, धागा सकाळपासून वाचतोय, गप्प बसणार होतो. त्या चौघांतला मी एक. चौदा नव्हे, अकरा रुपये. आणि पेनवाले नव्हे हो, पेनान! तेव्हापण तुम्ही 'ती पेनवाली पोरं आली' म्हणायचात, लोकांना वाटायचं आम्ही पेना विकतो. चौघांतला एक आता नाही. बाकीचे दोघं पुण्यात. पैसे कुठं पाठवू?

गंगावेस_काका

चौदाच. वहीत आहे. अकरा पहिल्या दोन रात्रींचे, तीन रुपये त्या गढवालवाल्याशी वरती दहा मिनिटं बोललात त्याचे. पाठवू नको, ये. संध्याकाळी कट्ट्यावर असतो, धारोष्ण पिऊ. कोण गेला रे? चष्मेवाला का?

चिखलीचा_गोपाळ

हो. चष्मेवाला. शनिवारी येतो.