शनिवारवाडा पाहायचाय, पण पायऱ्या नकोत: तुमचे अनुभव सांगा

बाबा पक्षाघातानंतर व्हीलचेअरवर आहेत. शाळेच्या सहलीत पाहिलेला शनिवारवाडा त्यांना पुन्हा पाहायचाय. कुठे अडतं, काय पाहता येतं, ते जाऊन आलेल्यांनी लिहा. बारीकसारीकही चालेल.

*

मी बारा वर्षं व्हीलचेअर वापरते. वाड्याच्या मुख्य, दिल्ली दरवाज्याच्या उजव्या कवाडात दिंडी, म्हणजे छोटं दार आहे. सैन्य एकदम आत घुसू नये म्हणून ती मुद्दाम माणसापुरती ठेवलेली, त्यामुळे दारापाशी मदत लागेल असं धरूनच जा. मला दोघांनी उचलून आत घेतलं. उचलणाऱ्यांना आधीच सांगा: खुर्चीच्या हातांना धरू नका, ते निघून येतात, खालच्या सांगाड्याला धरा. माझ्या वेळी एक हात निघालाच, अजून आठवलं की धडधडतं.

आत गेल्यावर मात्र वाडा आपला आहे. १७३२ ची वास्तुशांत, १८२८ ची आग. लाकडी मजले जळून गेले, उरली दगडी जोती, म्हणजे चौथरे. म्हणजे वाड्याचं जे शिल्लक आहे, त्यातलं बरंचसं जमिनीवरच आहे. दिवाणखाने कुठे होते, चौक केवढा होता, हे खुर्चीत बसून नीट कळतं. हजारी कारंज्यापाशी मी तासभर होते. पेशवे सवाई माधवरावांसाठी, म्हणजे एका लहान मुलासाठी केलेलं कारंजं आहे ते.

*

आईचे दोन्ही गुडघे गेलेले, तरी दरवाज्यावरच्या नगारखान्यावर चढली. दगडी पायऱ्या उंच आहेत. उतरताना एकेक पायरी बसून उतरली, मागे शाळेची अख्खी सहल खोळंबलेली. पोरं शांत उभी राहिली, त्यांचं कौतुक. पण मी पुन्हा चढू देणार नाही.

*

मला दिसत नाही. दरवाज्याचे खिळे हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर, प्रत्येक कवाडावर ७२. हात पुरला नाही. मग मित्राने माझी पांढरी काठी उभी धरून उंची दाखवली. हत्ती केवढा असतो, ते त्या दिवशी कळलं. भिंतीवरच्या गणपतीच्या, शेषशायी विष्णूच्या पुसट चित्रांचं त्याने सावकाश वर्णन केलं. सोबत सांगणारा माणूस न्याच.

*

येण्याबद्दल: फडके हौदाजवळच्या कसबा पेठ मेट्रो स्थानकाला लिफ्ट आहे, तिथवर निर्धास्त या. पुढचं अंतर थोडं, पण पदपथावर दुचाक्या उभ्या होत्या आणि माझ्या वडिलांची खुर्ची मला बसच्या पुढ्यात रस्त्यावरून ढकलावी लागली. फार चीड आली. त्यापेक्षा रिक्षाने थेट पटांगणाशी उतरा, बाजीरावांच्या पुतळ्याजवळ. शनिवार-रविवार टाळा, सकाळी लवकर जा.

*

सगळं बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "जोती मी पाहीन. नगारखान्यावर तू जा आणि तिथून व्हिडिओ कॉल लाव. मी खालून हात करतो."