भुवयांची टोकं विरळ झाली आहेत: आकार कसा द्यायचा आणि भरायच्या कशाने?

रानजाई:
बरीच वर्षं दर तीन आठवड्यांनी थ्रेडिंग चालू आहे. दोन्ही भुवयांची बाहेरची टोकं विरळ झाली आहेत, डावी तर डोळ्याच्या कोपऱ्याआधीच संपते. सुरुवातीचा भाग दाट आहे. केस काळे, वर्ण गव्हाळ, त्वचा तेलकट, राहायला ठाणे, म्हणजे घाम ठरलेलाच. नव्याने आकार देताना माप कसं घ्यायचं? विरळ जागा पेन्सिलीने भरावी की पावडरने? आणि एरंडेल तेलाने खरंच काही उगवतं का?

दोराकात्री:
आधी आठ-दहा आठवडे दोरा पूर्ण बंद. भुवईचा केस जेमतेम महिना-दोन महिने वाढतो आणि मग थांबतो, म्हणूनच तो डोक्यावरच्या केसासारखा लांबत नाही. मुळापासून उपटलेल्या जागी नवा केस नीट दिसायला दीड-दोन महिने लागतात, जागा भरायला तीन-चार महिने. तीन-तीन आठवड्यांनी दोरा फिरला की उशिरा उगवणारे केस त्वचेबाहेर येतायेताच निघून जातात आणि आकार दर वेळी नखभर आत सरकतो. टोक आखूड होतं ते असंच.

या काळात अगदीच गबाळं वाटलं तर दोन भुवयांच्या मधले आणि पापणीवरचे सुटे केस प्लकरने काढा. भुवईच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटरच्या पट्ट्याला हात लावायचा नाही.

आता माप. खिडकीकडे तोंड करून, साध्या आरशात, हातभर अंतरावरून बघा. मोठं दाखवणारा आरसा नको, त्यात प्रत्येक केस जास्तीचा वाटतो. एक सरळ काडी घ्या. नाकपुडीच्या कडेपासून डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावरून सरळ वर धरली की भुवईची सुरुवात. समोर बघत असताना तीच काडी नाकपुडीपासून बुबुळाच्या बाहेरच्या कडेवरून तिरपी नेली की कमानीची सर्वांत उंच जागा. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून नेली की टोक. तिन्ही जागी पांढऱ्या पेन्सिलीने ठिपका. नाक रुंद असेल तर पहिलं माप नाकपुडीवरून घेऊ नका, भुवयांमध्ये फार अंतर पडतं; फक्त डोळ्याचा आतला कोपरा धरा. शेवटी काडी आडवी लावून बघा: टोक सुरुवातीच्या खालच्या कडेपेक्षा खाली उतरलं, तर डोळे पडल्यासारखे दिसतात.

प्लकर तिरप्या टोकाचा, वेळ आंघोळीनंतरची, त्वचा दुसऱ्या हाताने ताणलेली, ओढ केस वाढतो त्या दिशेला. चार-पाच केस एका बाजूचे, मग तेवढेच दुसऱ्या बाजूचे. एक भुवई पूर्ण करून दुसरीकडे गेलात तर बरोबरी साधताना दोन्ही बारीक होतात. पार्लरमध्ये गेलात तर बसण्याआधीच सांगा: "फक्त खालून साफ करा, वरून नको, टोक आहे तेवढं राहू द्या." दोरा एका फटक्यात अख्खी ओळ काढतो, त्यामुळे नंतर सांगून उपयोग नसतो. पापणी आणि कपाळ दोन्हीकडे घट्ट ताणून धरा, सैल त्वचा दोऱ्यात सापडून कापली जाते.

कुंकवाची_डबी:
वरच्या कडेबद्दल थोडं वेगळं मत. वरून अजिबात हात लावायचा नाही हा नियम विरळ भुवईला ठीक आहे, पण सुरुवातीचा भाग दाट असेल तर तिथे उपटण्याऐवजी कात्री चालवावी. ब्रशने केस वर विंचरा आणि कडेबाहेर डोकावणारी टोकंच एकेक करून कापा, एक-दोन मिलिमीटर. ओळीने सरसकट कापले तर केस परत खाली बसल्यावर मध्ये खिंडारं दिसतात. बाहेरच्या टोकाचे केस मुळात खाली वळलेले असतात, ते वर विंचरून कधीच कापू नका.

काजळरेघ:
भरण्याबद्दल लिहिते. तुमच्या बाबतीत दोन्ही लागेल: जिथे केसच नाहीत त्या टोकाला पेन्सिल, जिथे केस आहेत पण त्वचा दिसते तिथे पावडर. पावडरला धरायला केस लागतात. उघड्या त्वचेवर ती नुसता डाग दिसते आणि घामाने आधी तीच जाते.

सनस्क्रीन किंवा क्रीम भुवईवर राहिलं की वरचं काहीही घसरतं. टिश्यूने टिपून घ्या, बिनरंगाची सैल पावडर चिमूटभर दाबा, जास्तीची झटका. पेन्सिल बारीक टोकाची आणि कडक हवी. मऊ, मेणचट पेन्सिल ठाण्याच्या हवेत दुपारपर्यंत पापणीवर उतरते. कमानीपासून सुरुवात करा, आधी खालची कड पुसट आखा, मग टोकाकडे केसाच्या दिशेने छोट्या छोट्या रेघा. एकच लांब रेघ ओढली की ती चिकटवल्यासारखी दिसते. मग तिरप्या ब्रशने मधल्या भागात पावडर. दाट सुरुवातीला नवीन रंग घ्यायचा नाही, ब्रशवर उरलेला पुरे. नंतर कोरड्या गोल ब्रशने विंचरून रेघा मोडा आणि वर पारदर्शक जेल.

दिवसभर बाहेर असाल तर पेन्सिलीऐवजी पाण्याने न जाणारा पोमेड, म्हणजे ब्रशने लावायचा घट्ट क्रीमसारखा भुवयांचा रंग. दोन्ही भुवयांना मिळून मोहरीएवढा. जास्त घेतला की तो वाळून तुकड्यांनी सुटतो. साबण लावून केस उभे करायचा प्रकार आपल्या हवेत नको, घामाबरोबर फेस डोळ्यात जातो.

रंग: काळ्या केसांना करडी झाक असलेला गडद तपकिरी. शुद्ध काळा कठोर दिसतो, आणि लालसर तपकिरी उन्हात तांबूस. केसांना मेंदी लावत असाल तरच थोडा उबदार तपकिरी चालेल. काजळाने भुवया भरायची सवय अनेकींना आहे, पण काजळ तेलकट आणि मऊ असतं, डोळ्यात घालायला केलेलं. तेलकट त्वचेवर तासाभरात पसरतं.

निरगुडी:
भरण्याआधी कारण बघा. दोन्ही बाजूंचा बाहेरचा तिसरा हिस्सा विरळ होणं हे थायरॉइड कमी असल्याचंही लक्षण असू शकतं. सोबत थकवा, वजन वाढणं, थंडी जास्त वाजणं असेल तर टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. भुवईत कोंडा आणि लाली असेल तर खाजवण्यानेही केस जातात, तिथे आधी त्वचेवर उपचार हवा. गोल चकती पडली किंवा केस गेलेल्या जागी बधिरपणा असेल तर वाट न बघता त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. कुष्ठरोगात भुवया झडतात आणि तो औषधाने पूर्ण बरा होतो.

एरंडेल तेलाने केस चमकतात, म्हणून दाट भासतात. नवे केस येतात याला भक्कम पुरावा नाही, आणि तेलकट त्वचेवर तिथे पुरळ येऊ शकतं. मिनॉक्सिडिल हे केस वाढवायचं औषध डॉक्टरांनी सांगितलं तरच. ते ओघळून डोळ्यात जातं आणि कपाळावर नको तिथे लव वाढवतं. काळी मेंदी भुवयांना बिलकूल नको. तिच्यातल्या पीपीडी या रंगाच्या रसायनाची अॅलर्जी आली तर पापण्या सुजून डोळे मिटतात.

रेटिनॉल किंवा ट्रेटिनॉइन असलेलं क्रीम (मुरमं, सुरकुत्यांसाठीचं) लावत असाल तर थ्रेडिंगच्या आधी आठवडाभर भुवयांच्या आसपास बंद ठेवा, नाहीतर दोऱ्याबरोबर साल निघते. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर वॅक्सिंग नको, गोळ्या संपल्यावरही सहा महिने नाही. आणि दोरा तोंडात धरणाऱ्या पार्लरला नम्रपणे नाही म्हणा. दोरा गळ्यात अडकवूनही काम तितकंच चांगलं होतं. दर गिऱ्हाइकाला नवा दोरा हवा, चामखिळीचा विषाणू दोऱ्यावरून पसरू शकतो.

रानजाई:
सगळ्यांचे आभार. टीएसएच करून घेते. आणखी एक: दोन महिन्यांवर घरात लग्न आहे, आणि मायक्रोब्लेडिंग (बारीक पात्याने त्वचेत केसांसारख्या रंगीत रेघा भरणं) कर असं सगळे सुचवताहेत. करू का?

दोराकात्री:
तेलकट त्वचेवर त्या बारीक रेघा टिकत नाहीत, काही महिन्यांत फुटून धूसर पट्टा होतो. करायचंच असेल तर रेघांऐवजी सुईने बारीक ठिपके भरायची पावडर पद्धत तुम्हाला बरी. खपली निघायला दहा-चौदा दिवस, दुसरी बैठक साधारण सहा आठवड्यांनी, आणि तिच्यानंतर पुन्हा खपली. तुमचे दोन महिने त्यातच संपतात. शिवाय दोरा बंद ठेवायचा काळही नेमका हाच आहे, आणि केस परत आल्यावर भुवई कुठवर जाते हे दिसायच्या आत रंग भरणं घाईचं होईल.

लग्नासाठी हळदीच्या दोन दिवस आधी हलकं थ्रेडिंग, फक्त खालून. त्याच दिवशी केलंत तर उघड्या छिद्रांत हळद झोंबते आणि कडेला पिवळी राहते. भरायचं ते हळद धुऊन त्वचा कोरडी झाल्यावरच.