मदत हवी आहे: हरणांनी वाफा फस्त केला, गोचीडही सापडली (न्यू जर्सी)

वालपापडी
मध्य न्यू जर्सी. मागच्या अंगणाला लागून झाडीचा पट्टा आहे, तिथून संध्याकाळी पाच-सहा हरणं येतात. 12 बाय 20 फुटांच्या वाफ्यातला वाल आणि रताळ्याचा पाला एका रात्रीत गेला. होस्टाचे (शोभेचं पानझाड) नुसते देठ उरलेत. कडेची आर्बोरविटी (कुंपणाची सदाहरित झाडं) पाच फुटांपर्यंत बोडकी, वर हिरवीगार. साबणाच्या वड्या टांगल्या, आठवडाभरही पुरल्या नाहीत.

1) कुंपण किती उंच लागेल? आमची एचओए (वसाहतीतली घरमालकांची संघटना) 4 फुटांच्या वर जाऊ देत नाही.
2) खायच्या भाजीवर काय फवारता येईल?
3) मुलाच्या पायावर बारीक गोचीड सापडली. हरणं थांबली की गोचिडी जातील का?

कुंपणवाला
आधी चोर नक्की करा. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे फांदी ओरबाडल्यासारखी फाटते. सशाने खाल्लेली फांदी सुरीने तिरकी कापल्यासारखी दिसते. पाच फुटांवरची ती सरळ रेघ मात्र हरणांचीच. (आर्बोरविटी जुन्या उघड्या लाकडातून पुन्हा फुटत नाही, वाट बघू नका.)

मोकळ्या अंगणाला 8 फूट. छोट्या वाफ्याला 6 फूटही चालून जातं, कारण उतरायला मोकळी जागा दिसली नाही तर हरीण उडी मारायला कचरतं. एकेरी 4 फूट म्हणजे त्याला उंबरठाच.

तुमच्या नियमात बसणारा मार्ग दुहेरी कुंपणाचा. 4 फुटांच्या दोन जाळ्या, मध्ये 4 ते 5 फूट अंतर. हरीण उंच उडतं आणि लांबही, पण दोन्ही एकाच उडीत जमत नाही. तुमचा हिशोब: आतली ओळ 12 बाय 20, म्हणजे 64 फूट. चारी बाजूंनी 4 फूट सोडून बाहेरची 20 बाय 28, म्हणजे 96 फूट. एकूण 160 फूट जाळी. दोन खांबांत 8 फुटांपेक्षा जास्त नको, तेव्हा आत 10 आणि बाहेर 14 खांब, फाटकांचे वेगळे. 6 फुटी लोखंडी खांब घ्या, 2 फूट जमिनीत ठोका.

बहुतेकांचं फसतं ते खाली. वाट असेल तर हरीण उडी मारण्याआधी खालून घुसायला बघतं. जाळी खालून अर्धा फूट बाहेर वळवा आणि यू आकाराच्या खिळ्यांनी जमिनीला गच्च ठोका. काळी प्लॅस्टिक जाळी त्यांना दिसत नाही, धडकून फाडतात. पहिले काही आठवडे पांढऱ्या फिती बांधा. सशांचाही त्रास असेल तर खालच्या 2 फुटांना 1 इंची कोंबडजाळी.

आता फवारणी. साबणाचा वास हातभर अंतरापलीकडे पोचत नाही, आणि भुकेल्या हरणाला त्याचं काही वाटत नाही. अंड्याचा फवारा त्यापेक्षा बराच बरा: 1 भाग अंडी, 4 भाग पाणी. बलकाला चिकटलेले पांढरे दोरे काढून टाका, मिश्रण गाळा, नाहीतर पंपाचं तोंड बुजतं. महिन्याने पुन्हा मारायचा. दरम्यान आलेल्या कोवळ्या फुटीवर तो नसतो, आणि हरणं तीच आधी खातात. म्हणून वसंतात फूट दिसताच सुरू करा, चटक लागल्यावर नाही.

पण हे सगळं शोभेच्या झाडांसाठी. बाजारातले बहुतेक फवारे खायच्या भागावर मारायचे नसतात, लेबल वाचाच. पालक, वाल यांना जाळीच हवी. कांदा, लसूण, पुदिना कुंपणाबाहेर लावून वाफ्यातली जागा वाचवा.

फुलझाडं घेताना न्यू जर्सीतल्याच रटगर्स विद्यापीठाची यादी बघा. त्यात झाडांचे हरणांच्या नुकसानीप्रमाणे चार गट केलेत. डॅफोडिल आणि लॅव्हेंडर सहसा वाचतात. ट्युलिप म्हणजे आमंत्रण.

खसखस
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. 12 बाय 20 च्या कुंपणाने गोचिडीला काही फरक पडत नाही.

गोचिडीमुळे होणाऱ्या लाइम रोगाचा जंतू हरणाकडून येत नाही. अंड्यातून निघालेल्या गोचिडीला तो मुख्यतः पांढऱ्या पायाच्या उंदराच्या रक्तातून मिळतो. पूर्ण वाढलेली मादी हरणाचं रक्त पिऊन मग हजारोंनी अंडी घालते. म्हणजे हरणांमुळे गोचिडींची संख्या वाढते, पण विष कालवतो उंदीर. तेव्हा झाडी आणि हिरवळ यांच्यामध्ये लाकडाच्या ढलप्यांचा 3 फुटी पट्टा करा, पालापाचोळा उचला, सरपण घरापासून दूर रचा.

मे ते जुलै सर्वात जपायचं. तेव्हाची गोचिडीची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात. बूट आणि पँटवर 0.5 टक्के पर्मेथ्रिन हे कीटकनाशक (कातडीवर नाही, ओलं असेपर्यंत मांजर दूर ठेवा). आत आल्यावर कोरडे कपडे ड्रायरमध्ये जास्त आचेवर 10 मिनिटं.

गोचीड काढताना बारीक टोकाचा चिमटा, अगदी कातडीलगत पकड, सरळ वर ओढायचं. पिळू नका. रॉकेल, व्हॅसलीन, पेटती काडी, काही नको. काढलेली गोचीड पारदर्शक चिकटपट्टीत ठेवा. जंतू शिरायला ती साधारणपणे 24 तासांहून जास्त चिकटलेली लागते. डॉक्टरांना आजच फोन करा, कारण डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा एकच प्रतिबंधक डोस गोचीड काढल्यापासून 72 तासांच्या आत द्यायचा असतो. द्यायचा की नाही ते तेच ठरवतील. नंतर 30 दिवस चट्टा आणि ताप बघत राहा. चट्टा दर वेळी नेमबाजीच्या चकतीसारखा नसतो, आणि आपल्या सावळ्या कातडीवर लाली चटकन कळत नाही. उजेडात बघा.

वाटाड्या
थोडं अवांतर. ऑक्टोबर ते डिसेंबर हरणांच्या माजाचा काळ, तिन्हीसांजेला गाडी सावकाश. एक हरीण ओलांडलं की मागून दुसरं येतंच. ब्रेक दाबा, स्टिअरिंग वळवू नका. विम्यात हरणाची धडक कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये (टक्कर सोडून इतर नुकसानीचा भाग) येते, कोलिजनमध्ये (टकरीचा भाग) नाही.

संख्या कमी करणं एकट्या घराच्या हातातलं नाही. मादीला बहुधा जुळी होतात आणि लांडगा केव्हाच गेला. शेजारच्या, न्यू यॉर्क शहरातल्या स्टेटन आयलंडवर 2016 मध्ये नरांची नसबंदी सुरू केली. तुमच्या टाउनशिपची (स्थानिक प्रशासनाची) काय योजना आहे ते विचारा, आणि शेजारी कोणी मका टाकत असेल तर तो आधी थांबवा.

वालपापडी
डॉक्टरांना फोन केला, दुपारची वेळ मिळाली. कुंपणवाला, बाहेरची ओळ एका बाजूला शेजाऱ्याच्या हद्दीत 2 फूट जातेय. मधलं अंतर 2 फूट केलं तर?

कुंपणवाला
नको, 2 फूट ते एका उडीत पार करेल. अंतर 4 च ठेवा, वाफा 12 चा 10 करा.